कडक टायर, मऊ टायर

३ सप्टेंबर, बुधवार

गाडी घसरली! राजूर घाटात, तिसऱ्या वळणावर, सकाळी सव्वाआठला. कठड्याला घासत वीस-पंचवीस पावलं गेली आणि थांबली. कठड्याच्या पलीकडे काय आहे ते मी रोज बघतेच.

तिघंही जिवंत आहोत. हे आधी लिहून ठेवते.

अश्विनी माझ्या शेजारी होती. तिच्याकडे दुसरीचा वर्ग, माझ्याकडे तिसरीचा. तिचं मनगट मुरगळलं. मागे महादेवराव सर, आमचे मुख्याध्यापक. त्यांच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ. आणि मला? काही नाही. बांगडीसुद्धा फुटली नाही. लाज वाटली.

सर खाली उतरले, टेंगळावर हात ठेवून ओल्या रस्त्याकडे बघत म्हणाले, टायर घसरला मॅडम. मी म्हटलं, हो सर, टायर घसरला.

आजचं हे पान बघवत नाही. माझ्यापेक्षा तिसरीतली पोरं बरं अक्षर काढतात.

४ सप्टेंबर, गुरुवार

प्रेमानंदचा आवाज कालपासून चढलेला आहे. नवरा आहे, काळजी वाटणार, कबूल. पण त्याचं म्हणणं काळजीचं नाही, जुनंच आहे—बस आहे, बसनं जा. मी गाडी शिकले तेव्हापासून हेच. स्वतः मोटरसायकलच्या पुढे गेला नाही. मी पुण्याच्या माणसाकडून ही लाल, जुनी, स्पोर्ट मॉडेलची गाडी घेतली तेव्हा महिनाभर घरात तोंड फुगलेलं होतं. रोज बुलडाण्याहून घाट उतरून मोताळ्याच्या पुढे शाळेत जायचं, संध्याकाळी घाट चढून यायचं. बसच्या भरवशावर नऊ वर्षं केलं मी हे अप-डाऊन. आता नाही करायचं.

पण टायर म्हटल्यावर त्याला गुन्हेगार सापडला. गोकुळ! मलकापूर रोडवरचा टायरवाला. मागच्या वर्षी मेमध्ये त्यानंच चारही टायर टाकले होते. या गाडीचे मूळ टायर रुंद आणि मऊ होते, रस्ता धरून ठेवणारे. गोकुळनं सांगितलं होतं, मॅडम, रोजच्या अप-डाऊनले कडक टायर बरा, साठ हजार चालते. मी ऐकलं. चौदा हजार झालेत फक्त.

प्रेमानंद दुपारी दुकानात जाऊन भांडून आला. चार माणसांसमोर. मग ग्रुपवर टाकलं. आमचा अप-डाऊनवाल्यांचा ग्रुप आहे, दोनशेच्या वर माणसं—मास्तर, ग्रामसेवक, नर्सबाया. "गोकुळ टायरवाल्याने चुकीचे टायर टाकल्याने घाटात तीन जीव जाता जाता वाचले. सर्वांनी सावध राहावे." खाली हात जोडलेले.

मी वाचलं. बाजूला ठेवून दिला मोबाईल.

६ सप्टेंबर, शनिवार

ग्रुपवर त्रेसष्ट उत्तरं. कोणाचं पंक्चर गोकुळनं नीट काढलं नव्हतं, कोणाला त्यानं जुना माल दिला होता म्हणे. काल-परवापर्यंत हीच माणसं त्याच्या दुकानात चहा पीत होती!

गाडी गॅरेजला. बंपर आणि डावा पत्रा. प्रेमानंदनं ठरवून टाकलं—नवे टायर पडेपर्यंत किल्ली त्याच्याकडे. मी पण हट्टाला पेटले. ठीक आहे, नवे टायर. चांगले टायर. घाटात पोस्टरासारखे चिकटून राहतील असे.

पोरांची चौकटीची वही घेतली आणि टायर शिकायला बसले. बाईला काही कळत नाही असं कोणी म्हणायला नको. आपल्या गाडीचं माप १९५/५५ आर १६. पहिला आकडा रुंदी. दुसरा म्हणजे टायरची भिंत केवढी उंच. तिसरा, आत बसणारी रिंग. भिंत बुटकी की गाडी वळणावर डुलत नाही, पण खड्डा थेट कमरेत येतो. आपल्याकडे खड्डे किती ते काय सांगायचं.

७ सप्टेंबर, रविवार

सासूबाईंनी टायर अडवले!

उद्यापासून पित्तर. पितृपक्षात नवी वस्तू घरात येत नाही. मी म्हटलं, आई, टायर म्हणजे वस्तू नाही, दुरुस्ती आहे. त्या परात घासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "चप्पल तुटली तं मानूस टाका मारून घेते. पित्तरात नवी आनते का?" आमच्या या आशाबाईंपुढे वकील हरेल. प्रेमानंद लगेच आईच्या बाजूनं. म्हणजे बावीस तारखेला घटस्थापना, तोवर मी बसनं.

दुपारी सगळे झोपले तेव्हा वही उघडली, मापं लिहायला. आणि कळेना आपण काय लिहितोय. कोणाला फसवतोय? ही रोजनिशी कोणी वाचत नाही.

मला झोप लागली होती. टायर नाही. झोप.

त्याच्या आधी महालक्ष्म्या होत्या. तीन दिवस. पहिल्या दिवशी फुलोरा, दुसऱ्या दिवशी सोळा भाज्या, पुरण, आंबील, कढी, पंगतीला साठ माणसं. तिसऱ्या दिवशी बोळवण आणि भांडी. मंगळवारी रात्री पाठ टेकली तेव्हा दोन वाजून गेले होते, चारला उठले. गाडीत काचा बंद, बाहेर भुरभुर, अश्विनी मोबाईलमध्ये, सर पेपरमध्ये. मला पहिलं वळण आठवतं. दुसरं आठवतं. तिसरं आठवतच नाही. दगडावर पत्रा घासल्याचा आवाज आला तेव्हा डोळे उघडले.

लिहिलं. आता काय करू?

९ सप्टेंबर, मंगळवार

बस. मोताळ्यापर्यंत डोकं तीनदा खिडकीवर आपटलं. बसल्या जागी डोळा लागतो, इतकं सोपं आहे ते. मागच्या सीटवर दोन मास्तर गोकुळचीच गोष्ट सांगत होते आणि एकानं मला हलवून विचारलं, मॅडम, तुम्ही सांगा, नेमकं कसं झालं?

मी सांगितलं. कसं घसरलं ते. हातवारे करून.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

गॅरेजवाल्याचा फोन, पत्रा झाला, बघून जा. शाळा सुटल्यावर गेले तर गाडीपाशी गोकुळ उकिडवा बसलेला. उठला, नमस्कार मॅडम म्हणाला, नेहमीसारखा. चाळिशीचा असेल, कमी बोलतो, बोटं कायम काळी. टायरवाल्यानं स्वतःचा टायर बघायला यायला हरकत काय? पण मला पळून जावंसं वाटलं.

त्यानं मला खाली वाकायला लावलं. डाव्या टायरवर तळवा फिरवला, मग माझा हात धरून नाही, पण दाखवून सांगितलं, इथं बघा, इथं बघा. रबराची भिंत दगडानं खरचटली आहे. पण जो भाग रस्त्याला लागतो तो गुळगुळीत, सारखा.

"मॅडम, हा टायर घसरलाच नाई," तो म्हणाला. "घसरला असता तं आडवा घासला असता. ब्रेक मारला असता तं एका जागी चपटा झाला असता, तुमची गाडी जुनी हाय, चाक जाम होते. हा सरळ चालत गेला. रस्ता वळला, टायर सरळ गेला."

मी पटकन मागे वळून पाहिलं. गॅरेजवाला पलीकडे हातोडा मारत होता म्हणून बरं.

मग गोकुळनं विचारलं, घरी कोनी आजारी हाय का मॅडम, रातची झोप होते का? इतक्या हळू विचारलं की रडूच आलं असतं. मी म्हटलं, गोकुळभाऊ, कोणाला—. तो मध्येच म्हणाला, मी कोनाले काय सांगू, आन् सांगतलं तरी आता माह्यं कोन ऐकते.

सायकलवर बसून गेला. दुकानाबद्दल अवाक्षर नाही. भांडला असता तर बरं झालं असतं!

१४ सप्टेंबर, रविवार

सासऱ्यांचं श्राद्ध. चारला उठले. वडे, खीर, कढी, आमसुलाची चटणी. बारा पानं. कावळा पटकन शिवला, सासूबाई खूश. मी उभ्या उभ्या डुलक्या घेत होते. कढईत हात गेला असता.

सांगून टाकावं असं तीनदा मनात आलं. सांगितलं की किल्ली गेली, हे नक्की. प्रेमानंद परत देणार नाही आणि मी परत मागू शकणार नाही. कोणत्या तोंडानं मागणार? अप-डाऊनवाल्या बायांत मी एकटी आहे जी स्वतः घाट चालवते. बसमध्ये धक्के खात जाणाऱ्या पोरी माझ्या गाडीकडे बघतात ते मला माहीत आहे. आणि सर? तीन जीव. सर म्हणतील, तीन जीव होते मॅडम.

दुसरीकडे गोकुळ.

१६ सप्टेंबर, मंगळवार

टायर ठरले. डोकं दुसरीकडे लागावं म्हणून म्हणा, की पापाचं प्रायश्चित्त म्हणून म्हणा—इतका अभ्यास मी डीएडला केला नव्हता.

टायरच्या अंगावर एक आकडा असतो, किती झिजेल त्याचा. मोठा आकडा म्हणजे कडक रबर, खूप चालतो, ओल्यात पकड कमी. छोटा म्हणजे मऊ, रस्ता धरतो, लवकर संपतो. आत्ताचा पाचशेचा आहे. दोनशेचाही मिळतो, पण तो शर्यतवाल्यांचा. रोज शाळेत जाणाऱ्या बाईला त्याचं काय? गरम झाल्याशिवाय पकडत नाही, आणि मेमधल्या आपल्या उन्हात वर्षभरात वितळून जायचा. मधला आहे, तीनशेच्या आसपास. मऊ, पण घरगुती मऊ. पाणी बाहेर फेकायला मधून रुंद चर. या चरांत आपली काळी माती बसते, हाच एक वांधा. शाळेजवळचा पाऊण किलोमीटर कच्चा रस्ता आहे, तिथून निघाल्यावर काडीनं चर साफ करायचे. करीन.

आणखी दोन गोष्टी. टायरवर चार आकड्यांत जन्मतारीख असते—आठवडा आणि वर्ष. दुकानात दोन वर्षं पडून राहिलेला मऊ टायर आतून कडक झालेला असतो, तो घ्यायचा नाही. आणि या टायरवर बाण असतो, चाक कुठल्या दिशेनं फिरणार त्याचा. म्हणून याची चाकं डावी-उजवी बदलता येत नाहीत, फक्त पुढची मागे.

सल्ले तर घरबसल्या. सर म्हणाले, हवा पंचवीसच ठेवा, टायर पसरतो, चिकटतो. साफ चूक! दरवाजावर बत्तीस लिहिलंय. प्रेमानंद म्हणतो, अरुंद घे, अ‍ॅव्हरेज वाढेल. कोणी म्हणतं नायट्रोजन भरा. ज्यांनी कधी टायरकडे वाकून पाहिलं नाही त्यांनाच सगळं माहीत.

आता दुकान. प्रेमानंद म्हणाला, मलकापूरहून घेऊ. मी म्हटलं, गोकुळकडूनच घ्यायचे. डोकं फिरलं का म्हणाला. मी थाप मारली—त्याची चूक आहे ना, मग तो कमी भावात देईल. हे मात्र त्याला पटलं.

आणि गोकुळनं दिले. स्वतःचा नफा सोडून. म्हणजे मी त्याला मदत करायला गेले आणि दंड करून आले.

१८ सप्टेंबर, गुरुवार

बसच्या खिडकीतून दुकान. गोकुळ एकटा, टायरच्या चळतीवर बसलेला. सकाळीही, संध्याकाळीही.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. टायर बसले.

सकाळी पूजा उरकून दुकानात. चारही टायरांची तारीख यंदाच्या जुलैची. गोकुळनं मागवूनच घेतले असणार. त्यानं एकेका टायरवर बोट ठेवून बाण दाखवला, मला, प्रेमानंदला नाही. मग जॅक लावला. काम करताना त्याच्याकडे बघत राहावं असा हात आहे त्याचा. रिंग साफ केली, कडेला साबणाचं पाणी, टायर चढवला, हवा भरताना कान देऊन ऐकलं.

प्रेमानंद डोक्याशी उभा. आता तरी नीट टाक बरं, या वेळेस काही झालं तं सोडणार नाही तुले, असं दोनदा म्हणाला. रस्त्यावरून जाणारे दोघं थांबून ऐकत होते. गोकुळ हाव साहेब म्हणाला. दोन्ही वेळेस.

मी तिथेच होते. पर्स धरून. एवढंसं वाक्य होतं, तेही निघालं नाही. किती घाबरट असावं माणसानं! वर्गात पोरांना सांगते, खरं बोलणाऱ्याला मी मारत नाही.

नारळ फोडला. किल्ली माझ्या हातात दिली प्रेमानंदनं. हातात घेताना आनंद झाला, हे पण लिहायला पाहिजे. झाला.

२३ सप्टेंबर, मंगळवार

काल दहाला झोपले. सासूबाईंना सांगितलं, डोकं दुखतंय.

घाट ओला होता. आणि गाडी—काय सांगू! वळणावर स्टिअरिंगमधून रस्ता हाताला कळतो. मुद्दाम तिसऱ्या वळणाआधी थोडा ब्रेक दाबून पाहिला, जागच्या जागी बसली. आवाज जरा जास्त येतो, घूंऽ असा, कमरेला खड्डे कळतात. असू दे. रोजच्या रस्त्याला हेच टायर पाहिजे होते, याबद्दल आता शंका नाही.

अश्विनीनं आज मोबाईल काढला नाही. कठड्यावरचा लाल रंग दिसला तेव्हा डोळे मिटले तिनं. मग सर मागून म्हणाले, बघा, म्हणजे टायरच होता! गोकुळ्यानं मारलंच होतं आपल्याला.

मी गिअर बदलला.

२५ सप्टेंबर, गुरुवार

गोकुळ दुकान सोडतोय. अश्विनीनं डबा खाताना सहज सांगितलं, तिच्या दिराला कळलं म्हणे. दसऱ्याला पूजा करून शटर पाडणार आणि देऊळगाव राजाला मेहुण्याच्या दुकानात कामाला राहणार. मालकाचा नोकर. पोरगी दहावीला आहे त्याची, ती आणि तिची आई इथंच राहणार.

मी डबा बंद केला. दसरा दोन तारखेला. आज पंचवीस.

२७ सप्टेंबर, शनिवार

प्रेमानंदला सांगितलं.

चहा देऊन समोर बसले आणि एका दमात सांगितलं, महालक्ष्म्यांपासून गोकुळच्या हाताखालच्या टायरपर्यंत. तो ऐकत होता. कप खाली ठेवला. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडला नाही, हळू आवाजात म्हणाला, "हे तू कोनाले बोलली?" कोणाला नाही, म्हटलं. "मंग बोलू पन नको."

मी म्हटलं, ग्रुपवर लिहावं लागेल, गोकुळचं दुकान जातंय. त्यावर आवाज वाढला. त्याचं म्हणणं असं: ग्रुपवर त्यानं लिहिलंय, स्वतःच्या नावानं. दुकानात चार लोकांसमोर तो बोललाय. आता बायको झोपली होती म्हणून लिहायचं? ऑफिसात तोंड कसं दाखवायचं? आणि सर वर रिपोर्ट करतील ते वेगळंच. दुकान काय, तिकडे नाही तर तिकडे, टायरवाल्याला काम मिळतंच. मी म्हटलं, आणि मग टायरवाल्याच्या नावाचं काय? तर म्हणाला, तुले गाडी चालवायची आहे का नाही, एवढं सांग. मी लिहिलं तर गाडी संपली, असं सरळ सांगितलं त्यानं.

सासूबाई पलीकडच्या खोलीत वाती वळत होत्या. सगळं ऐकू गेलं असणार.

सबंध आयुष्यात इतकी भीती वाटली नाही मला. घाटातसुद्धा नाही, तेव्हा तर मी झोपलेच होते.

२८ सप्टेंबर, रविवार

सकाळी लिहिलं, खोडलं. दुपारी लिहिलं, खोडलं. त्यात "थकवा", "क्षणभर", "नकळत" असले शब्द येत होते. पोरांच्या निबंधात मी असल्या शब्दांखाली लाल रेघ मारते.

संध्याकाळी सव्वासहाला पाठवलं:

"३ तारखेला राजूर घाटात माझी गाडी टायरमुळे घसरली नव्हती. गाडी चालवताना मला झोप लागली होती. टायर चांगले होते. गोकुळभाऊंची काहीही चूक नाही. मी पंचवीस दिवस गप्प बसले, ही माझी चूक आहे. अश्विनी मॅडम आणि महादेवराव सरांचा जीव मी धोक्यात घातला. त्यांची आणि गोकुळभाऊंची माफी मागते. — वासंती"

दहा मिनिटं कोणीच काही नाही. वाचलेल्यांचा आकडा मात्र वाढत होता—चाळीस, नव्वद, दीडशे. मग एका ग्रामसेवकाचं, धन्य आहे मॅडम. एका नर्सबाईचं, खरं बोललात. आणि मग महादेवराव सरांचं. एकच ओळ. "मॅडम, माझ्या मुलीचं लग्न आहे डिसेंबरात."

अश्विनीनं वाचलं. काही लिहिलं नाही.

प्रेमानंद बाहेर निघून गेला. जेवायला आला नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार

किल्ली देव्हाऱ्याजवळच होती, त्यानं काढून घेतली नाही. आता जा एकटी, एवढंच म्हणाला, पाठ फिरवून.

पावणेआठला नेहमीच्या चौकात गाडी लावली. अश्विनी नाही. सर नाहीत. आठ वाजले. आठ-दहा झाले. मोताळ्याची बस समोरून गेली, खिडकीत सर होते, पेपर तोंडासमोर धरलेला. अश्विनी त्यांच्या मागच्या सीटवर, माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. पण बघत होती.

त्यांचं काही चुकलं नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही बसनंच गेले असते.

एकटी घाट उतरले. काच उघडी, तोंडात हिरवी मिरची. चारही टायर रस्त्याला घट्ट. गाडी केसभर हलली नाही. इतके छान टायर आणि गाडीत कोणी नाही. तिसऱ्या वळणापुढे गाडी बाजूला लावून रडून घेतलं.

येताना दुकान उघडं दिसलं. गोकुळ एका मोटरसायकलचं पंक्चर काढत होता. त्यानं वर पाहिलं. मी थांबले नाही, धीर झाला नाही. उद्या थांबेन. तो शटर पाडणार की नाही, ते मला माहीत नाही. विचारायचा हक्क पण नाही.

३० सप्टेंबर, मंगळवार

सकाळी गाडीचं दार उघडलं तर समोरच्या सीटवर सासूबाई. नऊवारी, मांडीवर दोघींचा डबा. दीड वर्षात या गाडीत पहिल्यांदा बसल्या. मी म्हटलं, आई, कुठं? म्हणाल्या, शाळेत. दिवसभर व्हरांड्यात बसीन, संध्याकाळी संग येईन, रोज.

मग पट्टा ओढत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "महालक्ष्म्या माह्या होत्या. जागली तू. चाल, बस. डोळा लागला तं चिमटा घेईन."

घाट उतरेपर्यंत त्या बोलत होत्या.